आठची नोंद

१

गडमुडशिंगीच्या रस्त्यावर अंबादासचा वजनकाटा कुठाय म्हणून विचारलं, तर रस्त्यावरची म्हैसपण मान वळवून दाखवील. काटा खरं तर राजारामपुरीतल्या गणपतरावांचा. पण मालकाचं नाव कुणाच्या तोंडी नाही, कारण सव्वीस वर्षं त्या केबिनमध्ये अंबादास चौगुले बसत आला. आणि काट्याविषयी तो असा बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, यानंच तो मांडीवर घेऊन वाढवलाय.

काटा म्हणजे जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी प्लॅटफॉर्म. त्यावर भरली गाडी चढते, केबिनमध्ये आकडा येतो, पावती निघते. प्लॅटफॉर्मची काळजी कुणीही घेईल. अंबादासचा जीव होता तो केबिनमधल्या कॉम्प्युटरवर. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला तो लावला, तेव्हा साईच्या रंगाचा होता. आता तो जुन्या दातासारखा पिवळा पडला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आत एक पंखा सतत घुमणारा. उद्यमनगरातल्या एका इंजिनिअरनं त्याचा प्रोग्राम लिहिला, तो इंजिनिअर पुण्याला गेला, तिथून परदेशी गेला, आणि प्रोग्राम इथंच चालत राहिला. सव्वीस वर्षांत तो कॉम्प्युटर एकदाही बंद झाला नव्हता. बॅटऱ्या सात वेळा बदलल्या, त्याही चालू मशिनवर. एकोणीसच्या महापुरात लाईट गेली, रस्ते तुटले, तर अंबादास सहा दिवस डिझेलचे कॅन डोक्यावरून वाहून जनरेटर चालवत केबिनमध्येच राहिला. घरी बायको आजारी होती. तिनंही नंतर बोलून दाखवलं नाही, आणि आता बोलायला ती नाही.

खंडेनवमीला उद्यमनगरातली सगळी यंत्रं धुऊनपुसून पूजेला लागतात आणि दिवसभर विसावा घेतात. त्या दिवशी कुणी पान्याला हात लावत नाही. अंबादास मात्र कॉम्प्युटरला झेंडूची माळ घालायचा, कुंकू लावायचा, नारळ फोडायचा आणि मशीन तसंच चालू ठेवायचा. "आमच्या गड्याला इसावा लागत न्हाय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

समोर चहाची टपरी चालवणारी बाळाबाई एकदा म्हणाली होती, "लागतो की. सांगत न्हाय म्हणून लागत न्हाय, असं थोडंच हाय?"

पण टपरीवाल्या बाईचं कोण ऐकतो.

आणि एक नेम होता, तो सांगायलाच हवा. रोज सकाळी बरोबर आठ वाजता प्रोग्राम आपण होऊन एक नोंद घ्यायचा, प्लॅटफॉर्मवर जे काही असेल त्याची. इंजिनिअरनं ती सोय काटा तपासायला करून दिली होती. अंबादास आठला दोन मिनिटं कमी असताना बाहेर यायचा, देवळात काढाव्यात तशा कडेला चपला काढायचा, प्लॅटफॉर्मच्या मधोमध जाऊन केबिनच्या खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा. आत प्रिंटर कर्रकर्र वाजला की नोंद झाली. मग तो परत यायचा, केबिनच्या दारात गटारीवर टाकलेल्या पत्र्यावर पाय पडला की खट् वाजायचं, आत येऊन पावती फाडायचा आणि वहीत लिहायचा: आठ वाजता. सत्तर. बरोबर.

काटा पाच-पाच किलोंनी मोजायचा. अठरा वर्षं अंबादास सत्तर होता. काळ्या दगडावरची रेघ.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पावतीवर पासष्ट आलं.

२

माणूस आहे, पाच किलो इकडंतिकडं व्हायचेच. आदल्या दिवशी विसर्जनाला दिवसभर पायपीट झाली होती, जेवणाचं काही खरं नव्हतं. अंबादासनं स्वतःची अशी समजूत घातली आणि वहीत पासष्ट लिहिलं. पुढे "बरोबर" लिहायला पेन टेकवलं, पण ते उमटलं नाही. ती जागा त्यानं कोरी ठेवली.

दोन दिवसांनी साठ आलं.

आता मात्र त्यानं काटा तपासायला घेतला. ज्ञानू हा गावातलाच ट्रॅक्टरवाला, फौंड्रीच्या मोडीच्या, म्हणजे भंगार लोखंडाच्या, खेपा करायचा. त्याचा रिकामा ट्रॅक्टर वर्षानुवर्षं काट्यावर चढलेला, त्याचं वजन अंबादासला तोंडपाठ. त्यानं ज्ञानूला दोनदा चढवलं, दोनदा उतरवलं. किलोचा फरक नाही. ज्ञानूनं विचारलं, काय झालं काका, मशीन म्हातारं झालं काय. तेव्हा अंबादास असा तापला की ज्ञानूनं ट्रॅक्टर काढून वाट धरली.

क्रांती ही त्याची एकुलती एक मुलगी. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची आणि बापाच्या कॉम्प्युटरला प्रेमानं "आजोबा" म्हणायची. वहीतले आकडे तिच्या नजरेला पडले आणि तिनं बापाला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, वजन केलं. सत्तर किलो, जसाच्या तसा. डॉक्टर हसून म्हणाले की अशी तब्येत तुमच्या वयात मला मिळाली तर मी पेढे वाटीन.

क्रांतीचा जीव भांड्यात पडला. परतताना स्कूटरवर ती म्हणाली, "बघा आबा, तुमचं आजोबा चुकलं यंदा."

अंबादास म्हणाला, "डाक्टरचा काटा दोन वर्षांचा हाय. माझा सव्वीस."

बोलताना त्याच्या आवाजात अभिमान होता. त्या अभिमानाखाली आपण काय कबूल करतोय हे त्याला दहा मिनिटांनी, घराच्या पायऱ्या चढताना कळलं, आणि तो तिथंच कठडा धरून उभा राहिला.

३

काट्याची वर्षाची सरकारी तपासणी नेमकी त्याच आठवड्यात आली. इन्स्पेक्टर साहेब टेम्पोभर लोखंडी वजनं घेऊन आले. वीस-वीस किलोंची वजनं माणसांनी उचलून प्लॅटफॉर्मच्या चारी कोपऱ्यांत ठेवली, मध्ये ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. पडद्यावर आकडा असा यायचा की जणू आधीपासून तिथंच होता. काढलं की शून्य. ठेवलं की तेवढंच. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की जिल्ह्यात नवेनवे काटे बघितले, पण असा सरळ चालणारा बघितला नाही.

एरवी अंबादासनं त्या दिवशी बाळाबाईकडून सगळ्यांना भजी चारली असती. त्यानं फक्त हळूच विचारलं की एकट्या माणसाचं वजन हा काटा चुकवू शकेल काय. साहेब हसले. साठ टनी काटा, त्याच्या अंगावर माणूस म्हणजे बैलाच्या पाठीवर चिलट. दोनशे किलोच्या खाली काटा काहीही दाखवो, आम्ही धरत नाही.

हे ऐकून अंबादासला बरं वाटायला हवं होतं. पण अठरा वर्षं त्याच चिलटाला काट्यानं अचूक सत्तर म्हटलं होतं. खरं तेव्हा खरं आणि खोटं तेव्हा खोटं, असा न्याय त्याला करता येईना. शिक्का बसला, साहेब गेले. अंबादास त्यांना टेम्पोपर्यंत सोडून परत आला, केबिनमध्ये शिरला, खुर्चीत बसला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की दारातला पत्रा वाजला नाही.

तो उठला. बाहेर गेला, आत आला. पत्र्यावर मुद्दाम पाय आपटला. काही नाही. पत्रा खाली चिकटला असेल म्हणून त्यानं वाकून बघितलं, हातानं हलवला, तर चांगला सुटा होता. तेवढ्यात बाळाबाई चहा घेऊन आली. तिच्या पायाखाली खट् वाजला.

"काय शोधतायसा?" तिनं विचारलं.

काही नाही म्हणाला आणि चहा घेतला. चहा गरम होता, गोड होता. जीभसुद्धा भाजली. जीभ भाजते म्हणजे सगळं ठीक आहे, असं तो मनाशी दिवसभर म्हणत राहिला.

घटस्थापनेपर्यंत आकडा तीसवर आला होता. त्या दिवशी अंबादासनं ठरवलं की आज प्लॅटफॉर्मवर जायचंच नाही. डोकं त्याचं हिशेबी होतं. समजा काट्याचं शून्य खाली सरकलंय, म्हणून आपण चाळीसनं कमी भरतोय. मग रिकाम्या प्लॅटफॉर्मवर आठला उणे चाळीस यायला पाहिजे. उणे आलं तर दोष सापडला. दोष सापडला की दुरुस्ती आली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तो मशिनमध्ये दोष निघावा म्हणून देवाला हात जोडत होता, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

आठला दोन मिनिटं कमी. पडद्यावर शून्य. बाहेर कोवळं ऊन, रस्त्यावरून दुधाच्या गाड्या चाललेल्या, प्लॅटफॉर्म रिकामा, त्यावर एक चिमणी टिपत होती.

चिमणी उडाली.

पडद्यावर पाच आलं. मग वीस. मग पस्तीस. कुणी कडेवरून चढून बेताबेतानं मधोमध यावं, तसा आकडा वाढत गेला आणि चाळीसवर थांबला. उणे नव्हे, अधिक. अंबादासनं खिडकीतून बघितलं. प्लॅटफॉर्म रिकामा होता. प्रिंटर वाजला. आकडा जसा आला तसाच पायरीपायरीनं उतरून शून्य झाला.

आणि दारातला पत्रा खट् वाजला.

दारात कुणी नव्हतं. अंबादास कितीतरी वेळ त्या दाराकडे बघत बसला. तीस आणि चाळीस सत्तर, एवढीच बेरीज त्याच्या डोक्यात फिरत होती, आणि ती पहिलीतल्या पोरालाही जमली असती.

४

क्रांतीला त्यानं सगळं सांगितलं. ती शिकलेली मुलगी. हसली नाही, घाबरलीही नाही. म्हणाली, कुठंतरी ओल आली असेल, वायर खराब झाली असेल, आणि तुमचं मन त्यात अडकलंय. नवा कॉम्प्युटर तिनं कधीच बघून ठेवला होता, पण त्याचा विषय तिनं काढला नाही. ती एवढंच मागत होती की खंडेनवमीला एक दिवस मशीन बंद करा. सगळी दुनिया करते. एक दिवस विसावा द्या, दसऱ्याला पुन्हा चालू करा.

अंबादासनं सांगितलं की साडेनऊ हजार नोंदी झाल्यात, मध्ये एक भोक नाही. अशी वही महाराष्ट्रात कुणाकडे असेल तर आणून दाखव. आणि एवढं जुनं मशीन एकदा बंद केलं तर परत चालू होईल याची काय खात्री. हे शेवटचं बोलताना त्याला मशिनची काळजी होती की आणखी कशाची, हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं. जे त्याच्या अंगातून गेलं होतं ते कुठंतरी त्या हिरव्या आकड्यांत जमा होत होतं. दिवा विझवला तर ते परत येणार होतं की कायमचं जाणार होतं?

"आबा," क्रांती म्हणाली, "आई आजारी असताना तुमी सहा दिवस त्या केबिनीत बसलासा. मी काय बोलले न्हाय. तवा बोलायला पायजे होतं."

अंबादासनं मान खाली घातली.

"मला तुमची वही नको," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला तुमी पायजेसा."

असं कुणी त्याला आयुष्यात म्हटलं नव्हतं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शब्द दिला. खंडेनवमीला आठच्या आत बंद करीन म्हणाला. ती म्हणाली, मी झेंडू घेऊन येते, माझ्या डोळ्यांनी बघते.

त्याचा हात डोक्यावर होता तेवढा वेळ ती हलली नाही. पण नंतर, स्वयंपाकघरात जाताना, तिनं केसांवरून दोनदा हात फिरवला, काहीतरी तपासत असल्यासारखा.

५

खंडेनवमीला अंबादास साडेसहालाच केबिनमध्ये पोचला. आदल्या दिवशी त्याचा आकडा पाच आला होता.

त्यानं पडदा पुसला. आवाज न करता धूळ झाडली, कुंकू लावलं, उदबत्ती लावली. पंखा नेहमीसारखा घुमत होता. या पंख्याच्या आवाजात त्यानं पोरीचं लग्न ठरल्याचं आणि मोडल्याचं, बायको गेल्याचं, सगळं ऐकलं होतं. गावातले किती ट्रक भंगारात गेले, किती फौंड्र्या बंद पडल्या, किती माणसं गेली. हा एकटा कधी थकलो म्हणाला नाही. अंबादासला त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले आणि त्यानं जोडले. "लई केलंस," तो म्हणाला. मग खाली वाकून मागच्या काळ्या बटणावर बोट ठेवलं.

आठला तीन मिनिटं होती.

बोट तिथंच राहिलं. एक मिनिटभर, असं तो मनाशी म्हणाला. नुसतं एक मिनिट. साडेनऊ हजार नोंदींच्या शेवटी माणूस एक मिनिट थांबतोच.

पडद्यावर पाच आलं.

मग पंचवीस. मग पन्नास. मग सत्तर, आणि आकडा स्थिर झाला, इन्स्पेक्टरच्या वजनांखाली झाला होता तसा.

अंबादासनं मान वर करून खिडकीतून बघितलं.

प्लॅटफॉर्मच्या मधोमध एक माणूस केबिनकडे तोंड करून उभा होता. ऊन त्याच्या पाठीमागं होतं, त्यामुळं तोंड काळं दिसत होतं. अंगात निळ्या चौकटीचा शर्ट, उजवा खांदा थोडा खाली, हात मागे बांधलेले. कडेला चपला काढून ठेवल्या होत्या, डाव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. अंबादासनं आपल्या पायांकडे बघितलं. पाय अनवाणी होते. चपला कुठं काढल्या ते त्याला आठवेना.

रस्त्यावर क्रांतीची स्कूटर थांबली. झेंडूची पिशवी घेऊन ती उतरली आणि प्लॅटफॉर्मच्या कडेला येऊन उभी राहिली. मधोमध उभ्या माणसाकडे बघून तिनं विचारलं, "आबा, बंद केलासा का?"

"न्हाय," तो माणूस म्हणाला. आवाज ओळखीचा होता. त्यातला ताठासुद्धा. "त्यो न्हाय बंद व्हायचा."

"शब्द दिलतासा."

"व्हय. पण बघ की, कसा चालतोय."

क्रांतीनं सुस्कारा सोडला. बापापुढे लेक शेवटी हरतेच, तशी ती हरली. आत अंबादासनं तिला हाक मारली. जीव तोडून मारली. तिनं खिडकीकडे बघितलं खरं, पण घड्याळात किती वाजले बघावं तसं बघितलं आणि नजर काढून घेतली.

तेव्हा अंबादासनं बटण दाबलं. अभिमान, वही, सव्वीस वर्षं, सगळं बाजूला सारून पोरीसाठी दाबलं. दोन्ही अंगठे लावून दाबलं. बटण जागचं हललं नाही. मशिनवर पडलेली उदबत्तीची राखसुद्धा विस्कटली नाही.

आठ वाजले. प्रिंटर कर्रकर्र वाजला. ठरलेल्या सेकंदाला, ना एक पुढं ना एक मागं.

पावती अंबादासच्या डोळ्यांसमोर बाहेर आली. सत्तर. आणि काय सांगावं, त्या घटकेलाही, सगळं हातातून गेलं असताना, त्याच्या छातीत पहिला जो उमाळा आला तो भीतीचा नव्हता. मशीन चुकलं नव्हतं. डॉक्टर, इन्स्पेक्टर, ज्ञानू, क्रांती, कुणी काही म्हणो, चोवीस दिवस ते एकटं खरं बोलत होतं.

दारातला पत्रा खट् वाजला. पाठोपाठ क्रांतीच्या पायाखाली परत वाजला.

निळ्या चौकटीच्या बाहीतला हात अंबादासच्या अंगावरून पुढं आला आणि त्यानं पावती फाडली. क्रांतीनं पिवळ्या कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, नमस्कार केला. खुर्ची करकरली. वही उघडली गेली, पेनाचं टोपण निघालं, आणि गेले चोवीस दिवस कोरी राहिलेली जागा अंबादासच्याच वळणदार अक्षरांत भरली गेली.

आठ वाजता. सत्तर. बरोबर.